शेवटचं मीठ

रविवार, ११ जानेवारी. जुन्नर. चाचांचं स्वयंपाकघर, सकाळचे साडेनऊ.

हजर: रुबीना, चाचांची मुलगी, पिंपरीहून पहिल्या एस.टी.नं. बबनभाऊ, टेम्पोवाले. माझ्या सासूबाई, दारात खुर्ची टाकून. मी. हेकरू मासा एक, चाचांच्या हाताच्या मापानं पास. गल्लीतली जेवायला येणारी माणसं बावीस, ती एक वाजता.

गैरहजर: चाचा.

मी तालुक्याच्या सरकारी औषधभांडारात काम करते. खोकी मोजायची, ज्यांची मुदत आधी संपणार ती पुढे ठेवायची, संपलेली वेगळी काढायची, खाली सही करायची. चोवीस वर्षं हे केल्यावर माणूस घरातही हजेरी घेतो. माझे यजमान पारगावला साखर कारखान्यात. गाळप सुरू झालं की एकाआड शनिवारी येतात. त्यामुळे घरची भांडारपालही मीच.

चाचा आमचे घरमालक. खाली ते, वर आम्ही. राहायला आलो त्या दिवशी मी त्यांच्या हातात एक कागद ठेवला होता: गळणारा नळ, न उघडणारी खिडकी, जिन्यातला दिवा, असे अकरा मुद्दे. त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला आणि खिशात घातला. तिसऱ्या दिवशी परत आणून दिला. अकराही मुद्द्यांपुढे बरोबरची खूण होती आणि खाली त्यांच्या अक्षरात बारावा मुद्दा होता: 'भाडेकरूने दिवसातून एकदा हसावे.' तेव्हापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मी यादीबाई.

आखातातल्या एका हॉटेलात बावीस वर्षं रांधून ते परत आले होते. बायको तरुणपणीच गेली. रुबीना इथं आजीजवळ वाढली. स्वयंपाकघराच्या चौकटीवर, डाव्या बाजूला, निळ्या पेन्सिलीनं तिच्या उंचीच्या खुणा आहेत. इतर घरांत अशा खुणा बोटाबोटावर असतात. इथं दोन खुणांमध्ये वीतभर अंतर, कारण चाचा दोन वर्षांनी एकदा यायचे.

उजव्या बाजूला माशांच्या खुणा आहेत.

वर्षातून एकदा, थंडीत बर्फ टिकतो म्हणून थंडीतल्याच एका रविवारी, चाचांकडे मोठा मासा यायचा. बबनभाऊ नारायणगावहून भाजीपाला भरून वाशीला जातात आणि येताना क्रेट रिकामे असतात. त्यातले दोन क्रेट मधली बाजू कापून एकमेकांना जोडायचे, तळाला बर्फ, वर मासा, वर परत बर्फ आणि गोणपाट. त्याआधी मुंबईच्या मासळीच्या धक्क्यावरून बबनभाऊ फोटो पाठवायचे. बबनभाऊंना सगळेच मासे सारखे मोठे वाटत. म्हणून चाचांचा नियम होता की फोटोत माशाशेजारी स्वतःची चप्पल काढून ठेवायची. चाचा फोटो बघून चपला मोजायचे आणि फोनवर सांगायचे, "साडेतीन चपला भरतोय. आण."

मासा ओट्यावर ठेवला की चाचा टोपी सारखी करून त्याला म्हणायचे, "या, साहेब." त्या माशाला तेच शोभायचं. रुंद डोकं, पुढे आलेला खालचा ओठ, चेहरा कुणीतरी वेळेत फाईल दिली नाही असा. आखातात त्याला हामूर म्हणतात, मुंबईत गोब्रा, कोकणात हेकरू. चाचा म्हणायचे, "तीन गावांत तीन नावं, पण तोंड तिन्हीकडं वाकडंच." तो खडकांच्या कपारीत राहतो, एकटा. समोरून काही गेलं की तोंड उघडून अख्खं आत ओढतो. हे सगळं ते खवले काढताकाढता सांगायचे, आणि एखाद्या पाहुण्याची ओळख करून द्यावी तसं.

हाच मासा का, याला कारण होतं. परत आले त्या वर्षी त्यांनी गल्लीला बांगडा खाऊ घातला. आपल्याकडची माणसं बोकड पाहिलेली. फार तर धरणातला कटला. शेजारच्या एका गृहस्थांच्या घशात काटा अडकला. भात झाला, केळं झालं, शेवटी दवाखाना झाला. पुढे वर्षभर लोक त्यांच्या दारावरून जाताना घसा खाकरायचे. चाचांना ते लागलं. काट्याला भिणाऱ्या माणसांना समुद्राचा मासा खाऊ घालायचा तर कुठला, याचा त्यांनी विचार केला आणि हेकरूवर आले. त्याला बारीक काटे जवळजवळ नसतातच. असतात ती हाडं, दिसतात आणि हातात येतात. मांस घट्ट, पांढरं, पाकळ्या सुटणारं. पहिल्या वर्षी सहा माणसं आली, घाबरत. नंतर चटया उसन्या आणाव्या लागायला लागल्या.

मी आणि सासूबाई त्यात नाही. सासूबाई आणे गावच्या, माळकरी. लग्नानंतर माळ माझ्याही गळ्यात आली. पण माशाच्या दिवशी आम्ही उपाशी राहिलेलं चाचांना चालायचं नाही. त्यांनी पहिल्याच वर्षी मला कामाला लावलं: गल्लीत जे खात नाहीत त्यांच्यासाठी मी मासवडी करायची. बेसनाचं पीठ शिजवून थापायचं, आत तीळखोबऱ्याचं सारण, गुंडाळी, वड्या, तिखट रस्सा. माझं माहेर पेठचं, मासवडीत मी कुणाला हार जात नाही. ती खाऊन चाचा म्हणाले, "ह्याला काटा न्हाई, डोळा न्हाई, वास न्हाई. यादीबाई, तुमच्या लोकांनी समुद्र न बघता मासा केलाय. मानलं."

सासूबाईंचं आणि त्यांचं दारातून बोलणं चालायचं. त्या उंबरा ओलांडत नसत आणि बोलायचंही सोडत नसत. एकदा चाचांनी सांगितलं की हेकरू तरुणपणी मादी असतो आणि वय झालं, मोठा झाला, की नर होतो. सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्यात येगळंच हाय, भाऊ. म्हातारपणी समद्यांचीच सासू व्हती." चाचांच्या हातातली सुरी थांबली. हसू आवरेपर्यंत त्यांना मासा कापता आला नाही.

चौकटीची गोष्ट अशी. मासा कापायच्या आधी बबनभाऊ तो शेपटी खाली करून चौकटीला उभा धरायचे आणि चाचा नाकाशी खूण करायचे. पेन्सिल तीच, निळी. तारखा मी घातल्या. रुबीनाच्या खुणा वर चढत गेल्या आहेत. माशाच्या खाली उतरत आल्या आहेत. चाचांना ते माझ्याआधी दिसलं होतं. म्हणाले, एवढा मासा व्हायला वर्षानुवर्षं लागतात. आपण म्हातारे उचलत गेलो, आता पोरं राहिलीत. तेव्हा त्यांनी माप ठरवलं: त्यांचा उजवा हात, खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत; तीही एक खूण चौकटीवर आहे. त्याहून लहान मासा या घरात शिजणार नाही.

एका वर्षी तो लहान आला. बबनभाऊंनी फोटोत चप्पल स्वतःची ठेवायच्या ऐवजी त्यांच्या मुलीची ठेवली होती. मुद्दाम नाही, तीच टेम्पोत सापडली म्हणे. चपलांचा हिशेब बरोबर आला आणि क्रेटमधून निघाला दोन विती मासा. चाचांनी हात लावून पाहिला. चिडले नाहीत. तो बबनभाऊंच्या घरी पाठवून दिला, आणि जमलेल्या माणसांसाठी उकळत असलेल्या रश्शात काय घालायचं म्हणून मला वरून खाली बोलावलं. त्या वर्षी चाचांच्या रश्शात माझी मासवडी पडली. पातेलं आमचं, नवीन. सासूबाई उंबरा ओलांडून आत आल्या आणि पंगतीला बसल्या, तेवढ्या एका वर्षी. दोन वेळा रस्सा मागून घेतला.

आता मीठ.

मोठी साथ येऊन गेली. चाचा पंधरा दिवस आजारी होते, मग बरे झाले. पुढच्या थंडीत नेहमीसारखा मासा आला, चाचांनी रांधला, माणसं जेवली. सगळ्यांनी छान म्हटलं. मी खात नाही, त्यामुळे मला चवीतलं काही कळायचं कारण नव्हतं. पण पाण्याचे जार माझ्याकडे होते. दरवर्षी दोन जार संध्याकाळपर्यंत पुरतात. त्या दिवशी दोन्ही दीड वाजता रिकामे झाले आणि मी तिसरा मागवला. मोठ्या टोपल्यातली भाकरी संपली आणि रस्सा मात्र उरला. असं कधी झालं नव्हतं.

सोमवारी कचेरीत जायच्या आधी मी खाली गेले. चाचा लसूण सोलत बसले होते. मी सरळ विचारलं, "चाचा, काल मीठ दोनदा पडलं का?"

त्यांनी लसूण खाली ठेवला. मग मसाल्याच्या डब्यातून एक लवंग काढली, दाढेखाली धरली आणि चावली. चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही.

"लवंग हाय हे मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "जिभेला म्हाईत न्हाई."

आजारपणापासून वास गेला होता आणि चव गेली होती. डॉक्टर म्हणाले होते, येईल. वर्ष होत आलं, आली नव्हती. मी विचारलं, रुबीनाला सांगितलंत का. तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला प्रश्न मागे घ्यावासा वाटला.

"ती माझी पोरगी हाय. सांगितलं की उद्या गाडी घिऊन यील. अब्बा, गॅस चालू राहिला तर तुमाला वास येणार न्हाई, चला. तिचं बरोबरच व्हईल. पर तिथं मी जेवणारा माणूस व्हईन, यादीबाई. मी रांधणारा हाय. तिला सांगू नका. कुणालाच सांगू नका. बबन्याला तर न्हाईच, त्याच्या तोंडाला झाकण न्हाई."

मी आधी गॅसचा बंदोबस्त केला. त्याच आठवड्यात त्यांच्याकडे गॅस गळला की वाजणारी पेटी बसवून घेतली आणि रोज सकाळ-संध्याकाळ खाली जाऊन शेगडीची बटणं बघायचं माझ्या यादीत घातलं. मग प्रश्न राहिला चवीचा. जीभ माझी घ्यायची होती, आणि गळ्यात माळ.

सासूबाईंना मी एवढंच सांगितलं की चाचांना रश्शाची चव बघायला माणूस हवंय. त्यांनी कारण विचारलं नाही. त्या कारण विचारत नाहीत तेव्हा त्यांना ते ठाऊक असतं. थोडा विचार करून म्हणाल्या, "आगं, मासा पडंस्तवर ते कालवणच हाय की. तवर चाख. मासा पडला की तोंड मिटायचं. आन पळी आपली ने." स्वतःच्या देवघराजवळच्या फडताळातली एक जुनी पितळी पळी त्यांनी काढून दिली. ती चाचांच्या भिंतीवर वेगळ्या खिळ्याला टांगली गेली. दुसरी कुठलीही वस्तू त्या खिळ्याला लागली नाही.

चाचांनी मग रांधायची पद्धत बदलली. पूर्वी मासा लवकर पडायचा. आता रस्सा पूर्ण बांधून व्हायचा: भाजलेलं खोबरं, कांदा, लसूण, आपला मसाला आणि आखातातून आणवलेलं वाळलेलं काळं लिंबू. मग मी पळीनं चाखायची आणि सांगायची. पहिल्यांदा मी म्हटलं, चांगला झालाय. ते म्हणाले, "चांगला म्हंजे काय? औषधाच्या खोक्यावर असं लिव्हता का?" मग मला शब्द सापडले. मीठ: थोडं जास्त. आंबट: जिभेच्या कडेला, बरोबर. तिखट: लगेच नाही, बारा आकडे मोजल्यावर. ते डोळे मिटून ऐकायचे आणि बारा आकडे मोजताना त्यांचे ओठ हलायचे. मला वाटतं, त्या वेळी त्यांना चव लागत असावी.

ह्या सगळ्याची मी यादी केली. त्यांना माप सांगता येत नसे, मूठ आणि चिमूट सांगायचे. मी त्यांची मूठ भांडारातून निकालात काढलेल्या वजनकाट्यावर तोलून घेतली. तेरा कलमं झाली. तेरावं असं: मासा पडल्यावर पळी फिरवायची नाही, पातेलं फडक्यानं धरून हलवायचं, झाकण ठेवायचं, नऊ मिनिटं. चौदावं शेवटचं मीठ. मासा शिजताना स्वतःचं पाणी सोडतो आणि रस्सा फिका पडतो, म्हणून वरून थोडं मीठ लागतं, आणि ते दर माशाला वेगळं. तेव्हा तर माझं तोंड मिटलेलं. मग ते मीठ चाचा कशावर ठरवत होते?

हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. त्या खारट रविवारानंतर चाचांनी एक नवा मान सुरू केला होता: ज्यानं मासा आणला, पहिला घास त्याचा. बबनभाऊ ओट्याशी पाटावर बसायचे आणि चाचा स्वतःच्या हातानं त्यांना वाढायचे. लोकांना ते फार आवडलं. गल्लीत बोललं गेलं की चाचांसारखी रीत कुणाची नाही. मी पाणी भरत समोर उभी होते म्हणून मला दिसलं की चाचा घास देऊन बाजूला होत नाहीत. ते बबनभाऊंच्या तोंडाकडे बघत राहतात. हात पाण्याकडे गेला, तर मीठ जास्त. एक वाटी गरम पाणी. कांद्याकडे गेला, तर कमी; चिमूट. आणि मान खाली घालून, काही न बोलता दुसरा घास घेतला, की चाचा आतल्याआत श्वास सोडायचे आणि म्हणायचे, "पंगत बसवा."

पंगत उठल्यावर मी वही घेऊन गेले. विचारलं, चौदाव्या कलमात काय लिहू?

"कोरं ठेवा."

"मी विसरेन."

"तुमी?" ते म्हणाले, आणि त्या दिवसाचं माझं हसू झालं.

असे चार हिवाळे गेले. गेल्या श्रावणात एका दुपारी चाचा खुर्चीत बसल्या जागी गेले. मांडीवर सोललेल्या लसणाची ताटली होती. मी शेगडीची बटणं बघायला गेले होते, बंद होती.

तर आज रुबीना रांधत होती. गल्लीनं मागणी केली होती, आणि तिलाही करायचं होतं. तिच्या हातात माझी यादी. एकेक कलम मोठ्यानं वाचायची आणि करायची. चाचांच्या मुठीएवढं मीठ तिनं काट्यावर तोललं तेव्हा क्षणभर तसंच तळव्यावर धरून ठेवलं. पळी मी खिळ्यावरून काढली, चाखलं, सांगितलं. मासा पडला. मी तोंड मिटलं. नऊ मिनिटं झाली.

"ताई, चौदा लिहिलंय आणि पुढं काहीच नाही."

"पहिला घास बबनभाऊंना दे," मी म्हटलं. "मान आहे त्यांचा."

बबनभाऊ पाटावर बसले. मी पाण्याचा तांब्या घेऊन बरोबर समोर उभी राहिले. त्यांनी घास घेतला, चावला, आणि हात कांद्याकडे गेला. मी रुबीनाला हळूच म्हटलं, अर्धा चमचा मीठ, पातेलं हलव. तिनं तसं केलं. दुसरा घास. बबनभाऊंची मान खाली गेली आणि वर यायला वेळ लागला.

मग डोळे पुसत म्हणाले, "चार वर्सं ह्यो घास खातोय. चाचा असा टक लावून बघायचा, मला वाटायचं ह्याला भ्या वाटतंय, माझ्या घशात काटा अडाकतोय का काय. म्हून मी आपला गप, मान खाली घालून खायचो."

दारातून सासूबाई म्हणाल्या, "पंगत बसवा."

जेवणं झाली. दोन जार संध्याकाळपर्यंत पुरले. आजच्या माशाची खूण रुबीनानं केली, तारीख मी घातली. निघताना तिनं यादीचा मोबाईलवर फोटो घेतला आणि म्हणाली, "अब्बांना मी पुण्याकडं चला म्हणायचे, तर म्हणायचे, जीभ चालतेय तोवर इथंच. शेवटपर्यंत काय जीभ होती त्यांची, ताई. ते चौदावं तेवढं आठवून पाठवा मला. पुढच्या वर्षी मी एकटीनं करणार आहे."

मी म्हटलं, पाठवते.

चाचांना दिलेला शब्द मी मोडलेला नाही. पण चौदावं कलम कोरं ठेवून तिला यादी देणं म्हणजे पाकिटावर नाव नसलेलं औषध देणं आहे, आणि ते मी कुणाला दिलेलं नाही. शिवाय बापानं इथं राहण्यासाठी काय काय केलं, हे त्याच्या पोरीला कळायला हवं, असं मला वाटतं. सासूबाईंनाही वाटतं. मी हे लिहून काढलं आहे, आणि लिहिलेलं कधीतरी तिच्या हाती पडणारच. त्याआधी तिनं ते माझ्या तोंडून ऐकायला हवं.

वरचं लिहिल्याला तीन सोमवार झाले. आजची यादी समोर आहे. मुदत संपलेली खोकी वेगळी काढणे: झालं. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या: आणल्या. खालची शेगडी बघणे: घर बंद आहे, तरी बघितली. चौथं, रुबीनाला फोन. त्यापुढे खूण नाही.